टेकडीवरून दिसणारी तीन सोंगखला

थायलंडचे नाव काढले की आपल्या घरांत दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. तरुण मंडळींना पटाया आणि फुकेट आठवते. वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. बायकामुलांना घेऊन जाण्यासारखा तो देश नव्हे, असे त्यांचे ठाम मत असते. या महिन्यात ज्या जागेविषयी लिहायचे आहे, ती या दोन्ही समजुतींत बसत नाही. सोंगखला हे थायलंडच्या दक्षिण भागातले, आखाताच्या किनाऱ्यावरचे एक शांत शहर आहे. हात याई या मोठ्या व्यापारी शहरापासून ते सुमारे तीस किलोमीटरवर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सरोवर आणि मध्ये जमिनीची एक लांब जीभ. त्या जिभेच्या टोकाशी हे शहर वसलेले आहे.

शहराच्या उत्तर टोकाला दोन टेकड्या आहेत. मोठीचे नाव खाओ तांग कुआन आणि तिच्या शेजारची खाओ नोई. थाई भाषेत ‘खाओ’ म्हणजे डोंगर आणि ‘नोई’ म्हणजे लहान. दोन्ही टेकड्या झाडीने भरलेल्या. सोंगखलाचे लोक इथे संध्याकाळी फिरायला येतात, मुलांना आणतात, कठड्याला टेकून वारा खातात. पर्यटकाच्या हिशेबाने हा एक-दीड तासाचा कार्यक्रम. पण वर उभे राहून जे दिसते त्याचा अर्थ लावायचा तर चारशे वर्षे मागे जावे लागते. आणि तो अर्थ आपल्यासारख्या, अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या कुटुंबांच्या फार कामाचा आहे. म्हणून हा लेख.

वर जाण्याची वाट

खाओ तांग कुआनची उंची शंभर मीटरच्या आसपास. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ते टेकाडच वाटेल. वर जायला दोन मार्ग आहेत. एक पायऱ्यांचा. दुसरा रुळांवरून तिरकी चढणाऱ्या लिफ्टचा. तिचे तिकीट किरकोळ आहे. गुडघेदुखीची तक्रार असलेल्या आजी-आजोबांनाही त्यामुळे वर नेता येते. पायऱ्यांच्या वाटेवर एक लाल रंगाचा, कमानींचा मंडप लागतो. राजा चुलालोंगकोर्न यांच्या काळातला तो आहे. टेकडीवर माकडे पुष्कळ आहेत. हातातली खाण्याची पिशवी ती सहज ओढून नेतात, तेव्हा खाऊ बॅगेत बंद ठेवावा आणि लहान मुलांचा हात सोडू नये.

माथ्यावर एक दीपगृह आहे, चहूबाजूंनी पाहण्यासाठी मोकळी जागा आहे आणि मध्यभागी एक जुना बौद्ध स्तूप आहे. थाई लोक त्याला चेदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात राजा मोंगकुत यांच्या काळात त्याची डागडुजी झाली. इथेच आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न उभा राहतो. माथ्यावर स्तूप आहे, तर मुसलमान कुटुंबाने तिथे जावे का?

प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. टेकडी ही सगळ्या शहराची आहे. तिथे बुरखा आणि हिजाब घातलेल्या स्थानिक मुस्लिम स्त्रियाही मुलांना घेऊन येतात. शेजारच्या मलेशियातून येणारी कुटुंबेही येतात. इबादतीत सामील होणे वेगळे आणि दुसऱ्याच्या इबादतीच्या जागेजवळून अदबीने जाणे वेगळे. हा फरक आपल्या मोहल्ल्यांत आणि गावांत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो आहोत. स्तूपाच्या चौथऱ्यावर चढू नये, त्याला पाठ टेकून फोटो काढू नयेत, कोणी हात जोडून बसले असेल तर त्याच्या समोरून जाऊ नये, मुलांना ओरडू देऊ नये. ज्या ठिकाणी स्थानिक लोक चपला काढतात तिथे आपणही काढाव्यात. भिक्खूंच्या अंगाला स्त्रियांचा स्पर्श होणार नाही याची तिथे काळजी घेतात, हेही लक्षात असावे. पाहुण्याने यजमानाच्या घरात जेवढी अदब पाळावी तेवढीच ही आहे. तिने ईमानाला धक्का लागत नाही, उलट आपल्या तालीमीची ओळख होते.

चार दिशांना काय आहे

पूर्वेला तोंड करून उभे राहिले की थायलंडचे आखात आणि समिला बीचची पांढरी वाळू दिसते. त्या किनाऱ्यावर खडकावर बसलेल्या सोनेरी जलपरीचा पुतळा आहे, १९६६ साली बसवलेला. समोर पाण्यात दोन बेटे आहेत. एकाचे नाव को नू, म्हणजे उंदराचे बेट. दुसऱ्याचे को मेओ, म्हणजे मांजराचे बेट. इथली एक लोककथा मुलांना जरूर सांगावी. एका चिनी व्यापाऱ्याच्या जहाजावर कुत्रा, मांजर आणि उंदीर होते. व्यापाऱ्याजवळ एक स्फटिक होता, जो जवळ असला की माणूस बुडत नसे. तिघांनी तो पळवला आणि समुद्रात उड्या मारल्या. वाटेत स्फटिकावरून भांडण झाले आणि तो पाण्यात पडला. उंदीर आणि मांजर बुडून त्यांची बेटे झाली. कुत्रा किनाऱ्यापर्यंत पोहोचला, पण थकून मेला आणि त्याची टेकडी झाली. तीच ही, जिच्यावर आपण उभे आहोत. फुटलेल्या स्फटिकाची वाळू झाली. चोरीच्या मालावरून भांडणाऱ्यांचे काय होते, हे यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

दक्षिणेला शहर पसरलेले दिसते. किनाऱ्याने दूरवर गेले की खाओ सेंग ही मुस्लिम कोळ्यांची वस्ती येते. तिथल्या रंगीत नक्षीच्या होड्यांना कोलाए म्हणतात. जुन्या शहरात नांग न्गाम हा रस्ता आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी चिनी घरे आणि खाण्याची दुकाने आहेत; त्याच शहरात बान बोन ही मुसलमानांची जुनी वस्ती आणि तिची मशीदही आहे. मंदिर, चिनी देवालय आणि मशीद चालत जाण्याच्या अंतरात.

पश्चिमेला सोंगखलाचे सरोवर. सुमारे एक हजार चौरस किलोमीटरचे हे पाणी थायलंडमधले सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर मानले जाते. खरे म्हणजे ती एक अवाढव्य खाडीच आहे. आतल्या बाजूला पाणी गोडे, समुद्राकडे येताना मचूळ आणि मुखाशी खारे. सरोवरातल्या को यो या बेटाला शहराशी जोडणारा तिनसुलानोन पूल १९८६ मध्ये खुला झाला. त्या बेटाभोवती जाळ्यांच्या पिंजऱ्यांत जो मासा पाळतात, तो रायगडच्या खाडीकाठच्या वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. आपला जिताडाच तो.

आणि उत्तरेला? उत्तरेला सरोवराचे अरुंद मुख आहे आणि त्यापलीकडे हिरवा, तांबूस कड्यांचा डोंगर. त्याचे नाव हुआ खाओ देंग, म्हणजे तांबड्या डोंगराचे डोके. खरी गोष्ट तिथे आहे.

पहिली सोंगखला

हे शहर आज जिथे आहे तिथे ते मुळात नव्हते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दातो मोगोल नावाच्या, फारसी वंशाच्या मानल्या जाणाऱ्या मुसलमानाने त्या पलीकडच्या तांबड्या डोंगराच्या पायथ्याशी बंदर वसवले. मलायी लोक त्याला सिंगोरा म्हणत. सोंगखला हे नाव त्याच शब्दाचे थाई रूप. बंदर सयामच्या राजाचे मांडलिक होते. इंग्रज, डच, चिनी, मलायी अशी सगळ्यांची गलबते तिथे येत.

दातो मोगोल यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव सुलेमान गादीवर आले. अयुथ्याच्या तख्तावर प्रासात थोंग याने जबरीने कब्जा केला होता. त्याची हुकमत मानायला सिंगोरा तयार नव्हते. १६४२ मध्ये सुलेमान यांनी स्वतःला सुलतान जाहीर केले. डोंगराच्या खांद्याखांद्यांवर किल्ले आणि बुरूज बांधले, शहराला तट घातला. सयामच्या स्वाऱ्या आल्या आणि परत गेल्या. सुलतान सुलेमान शाह १६६८ मध्ये अल्लाहला प्यारे झाले.

त्यानंतर बारा वर्षांनी, १६८० मध्ये, राजा नाराय याच्या फौजेने सहा महिन्यांहून अधिक वेढा घालून सिंगोरा जिंकले आणि शहर जमीनदोस्त केले. लोकांना उत्तरेकडे चैया इथे हलवले. पाच वर्षांनी, १६८५ च्या करारात, हेच उजाड बंदर नारायने फ्रान्सला देऊ केले. फ्रेंच काही तिथे वसायला आले नाहीत.

सिंगोराच्या तोफांपैकी एकीचा प्रवास तर अजबच आहे. ती सिंगोराहून अयुथ्याला गेली. १७६७ मध्ये बर्मी फौजेने अयुथ्या लुटले तेव्हा ब्रह्मदेशात गेली. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी मंडाले घेतले तेव्हा त्यांच्या हाती लागली आणि लंडनला पोहोचली. आज ती चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलच्या आवारात, म्हाताऱ्या सैनिकांच्या निवासाच्या अंगणात उभी आहे. तिच्यावर अरबी लिपीतला मजकूर अजून वाचता येतो. ज्या तोफेवर भरवसा ठेवून एक सल्तनत उभी राहिली, ती तोफ तीन राजवटींच्या हातांतून गेली आणि शेवटी शोभेची वस्तू झाली.

दुसरी आणि तिसरी

सिंगोरा पडल्यावर वस्ती त्याच काठावर थोडी बाजूला, लेम सोन इथे सरकली. ही दुसरी सोंगखला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या हॉक्कियन समाजातून आलेल्या एका व्यापाऱ्याकडे इथला कारभार गेला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याच घराण्याने तो चालवला. जागा अपुरी पडू लागली, गोड्या पाण्याची अडचण होती, म्हणून १८४२ च्या सुमारास शहर पाणी ओलांडून अलीकडच्या काठावर, बो यांग इथे आले. ही तिसरी सोंगखला, म्हणजे आजचे शहर. त्या चिनी घराण्याचा १८७८ मधला वाडा आता राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आहे. टेकडी उतरून तिथे चालत जाता येते.

टेकडीवरून ही तिन्ही शहरे एकाच नजरेत येतात. एक मुसलमान सुलतानाचे, एक मधल्या काळाचे आणि एक आजचे. तिन्हींच्या मध्ये फक्त पाण्याचा एक पट्टा.

विजयाच्या खुणा कोणाच्या?

नीट पाहिले तर पलीकडच्या तांबड्या डोंगरावर दोन स्तूप दिसतात. एक काळा, एक पांढरा. सुलतानाच्या एका जुन्या किल्ल्याच्या जागेवरच ते उभे आहेत. केदाहच्या मलायी मुसलमानांनी १८३० च्या दशकात सयामविरुद्ध उठाव केले. ते मोडल्याची खूण म्हणून सेनापतींनी हे स्तूप बांधले.

इतके ऐकून एखादा वाचक म्हणेल, झाले, आपला किल्ला गेला आणि त्याच्यावर त्यांचा स्तूप आला. हीच ती जागा, जिथे थोडे थांबायला हवे.

काळा स्तूप बांधणारे सेनापती दित बुन्नाग आणि पांढरा बांधणारे त्यांचे धाकटे भाऊ तात. हे बुन्नाग घराणे मूळचे कोणाचे? इराणच्या कुम शहराहून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अयुथ्यात आलेल्या शेख अहमद यांचे. तेच शेख अहमद, ज्यांना थायलंडचे पहिले शेखुल इस्लाम मानतात. त्यांच्या वंशातल्या एका शाखेने अठराव्या शतकात बौद्ध धर्म स्वीकारला, दुसरी शाखा मुसलमान राहिली. मुसलमानांच्या प्रमुखाचे ते पद चुलाराजमोन्त्री या नावाने आजही थायलंडमध्ये आहे.

आणि हे स्तूप ज्या राजाच्या काळात उभे राहिले तो तिसरा राम, कारकीर्द १८२४ ते १८५१. त्याच्या आईचे घराणे मुसलमान. सिंगोराच्या सुलतान सुलेमान यांच्या वंशाशी तिचे नाते सांगितले जाते. शहर पाडले, पण सुलतानाच्या मुलांना नारायने मारले नव्हते. त्यांना सयामच्या सेवेत घेतले गेले. पुढे त्याच घराण्यातली माणसे फत्तलुंग प्रांताचे अधिकारी झाली आणि त्यांच्या मुली राजघराण्यात गेल्या.

म्हणजे हिशेब असा झाला. पाडलेल्या मुस्लिम शहराच्या किल्ल्यावर, मुस्लिम सुलतानाच्या वंशातल्या आईच्या मुलाच्या राज्यात, पहिल्या शेखुल इस्लामच्या वंशजांनी, मुसलमानांच्या बंडावरच्या विजयाचे स्तूप बांधले. यात ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण? आणखी एक गोष्ट. सिंगोरा स्वतंत्र असताना त्याचे सर्वांत जवळचे वैर होते ते पट्टानीशी, म्हणजे दुसऱ्या एका मलायी मुस्लिम राज्याशी. राज्यांचे झगडे राज्यांचे असतात. त्यांच्यावर दीनचे नाव लावून पुढच्या पिढ्यांनी त्यांची थकबाकी वसूल करत बसू नये.

आपल्या इकडे इतिहासावरून रोज वाद झडतात. कोणत्या किल्ल्यावर कोण जिंकले, कोण हरले, याचा जाब आज शाळेत जाणाऱ्या पोरांना विचारला जातो. आपल्या मुलांनी अशा वेळी खाली मान घालू नये आणि फुशारकीही मारू नये. सोंगखलाच्या टेकडीवर इतिहास नकाशासारखा समोर उलगडलेला आहे. तिथे पंधरा मिनिटे उभे राहिलेल्या मुलाला कळते की राजे, फौजा आणि घराणी यांच्या सरळ दोन रांगा कधीच नसतात. जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहावे, अशी ताकीद कुरआनात वारंवार आहे. ती फक्त इतरांच्या अंजामाकडे बोट दाखवण्यासाठी नसते, स्वतःच्या अंजामाचा विचार करण्यासाठीही असते.

मरहूमच्या कबरीकडे

टेकडी उतरल्यावर शक्य झाले तर पलीकडे जरूर जावे. मोटारी वाहून नेणारी फेरीबोट काही मिनिटांत पाणी ओलांडते. दिघी-आगरदांडा किंवा दाभोळ-धोपावे या फेरीबोटींतून गेलेल्यांना ती अगदी घरची वाटेल. पलीकडच्या हुआ खाओ गावात मुसलमानांची वस्ती मोठी आहे आणि मशिदी आहेत. तिथून पुढे, जुन्या कब्रस्तानात सुलतान सुलेमान यांची कबर आहे. लोक तिला ‘मरहूम’ म्हणून ओळखतात. थाई बोलणाऱ्या मुलखात हा शब्द ऐकला की चमकायला होते. आपण घरातल्या गेलेल्या माणसासाठी जो शब्द वापरतो, तोच इथे एका सुलतानाचे नाव झाला आहे. पदवी गेली, तख्त गेले, ‘ज्याच्यावर रहमत व्हावी तो’ एवढेच राहिले.

या कबरीला मुसलमान मान देतात तसे बौद्धही देतात. तिथे गेल्यावर आपण काय करावे, हे सांगायची गरज नाही. कब्रस्तानात गेल्यावर सलाम करावा, मगफिरतची दुआ करावी आणि आपल्यालाही इथेच यायचे आहे याची आठवण ठेवावी. मागायचे ते अल्लाहकडेच. किल्ल्यांचे बुरूज आणि तटाचे दगड जवळपास विखुरलेले आहेत. मुलांना ते दाखवावेत.

तट पडला, तोफ लंडनला गेली. पण त्याच काठावर अजान अजून होते. सुलतान नसतानाही मदरसे चालले, जमात उभी राहिली, लग्ने झाली, मयतीला माणसे जमली. ज्याला आपण कौम म्हणतो ती तख्ताच्या आधाराने टिकली नाही. जाळी विणणाऱ्या, रोटी भाजणाऱ्या, पोरांना कायदा शिकवणाऱ्या घरांनी ती टिकवली.

पाहुणा आणि घरचा

थाई भाषेत एक शब्द आहे, ‘खाएक’. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. पण हाच शब्द भारतीय, मलायी, अरब आणि एकूण मुसलमान यांच्यासाठी सर्रास वापरतात. आपल्यासारख्या प्रवाशाला तो चालून जातो, कारण आपण पाहुणेच. पण ज्यांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वीपासून त्याच काठावर दफन आहेत, त्यांना रोज पाहुणा म्हटले तर कसे वाटत असेल? तिथल्या अनेक मुसलमानांना हा शब्द आवडत नाही. स्वतःच्या गावात ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न ऐकलेल्या आपल्या वाचकांना याचा जास्त खुलासा नको.

याच प्रश्नाची एक कडू बाजूही आहे. १९०९ च्या इंग्रज-सयाम करारात केदाह, केलांतान वगैरे राज्ये इंग्रजांकडे गेली आणि पट्टानीचा मुलूख सयामकडे राहिला. पट्टानी, याला आणि नाराथिवात हे तीन प्रांत मलायी मुसलमानांचे. भाषा, शाळा आणि ओळख यांवरून तिथे जुना असंतोष आहे. २००४ पासून तिथल्या हिंसाचारात सात हजारांहून अधिक माणसे मेली आहेत. त्यांत मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, शिक्षक, शिपाई, इमाम आणि भिक्खूही आहेत. सोंगखला प्रांताचे दक्षिणेकडचे चाना, थेफा, नाथवी आणि साबा योई हे तालुकेही त्या झळीत आले. सोंगखला शहर त्या पट्ट्याच्या बाहेर आहे. तरीही निघण्यापूर्वी त्या वेळची परिस्थिती आणि आपल्या सरकारच्या सूचना पाहून घ्याव्यात. बौद्ध दुकानदाराच्या शेजारी मुसलमान रोटीवाला बसलेला सोंगखलात दिसतो, तेव्हा ते दृश्य आपोआप घडलेले नाही हे ध्यानात ठेवावे. दोन-तीन तासांच्या अंतरावर ते विस्कटलेले आहे.

नमाज, जेवण आणि हवामान

आता थोडे कामाचे. असरच्या सुमारास टेकडीवर जावे. उन्हाची धग कमी होते आणि सूर्य सरोवराच्या बाजूला कलतो. किब्लाही पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे, म्हणजे सरोवराच्याच बाजूला आहे. थाई वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, फोनवरच्या नमाजच्या वेळा तपासून घ्याव्यात. लिफ्ट रात्री उशिरापर्यंत चालत नाही, म्हणून मगरिब खाली शहरातल्या मशिदीत पढणे सोयीचे.

मशिदीत शिरल्यावर कोकणातल्या वाचकांना वेगळाच आनंद होईल. दक्षिण थायलंडचे मुसलमान बहुतेक शाफई आहेत, आपल्या कोकणी जमातीसारखेच. फजरला दुआए कुनूत ऐकू येते, असरची वेळ लवकर होते. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांनी हिंदी महासागराच्या काठाकाठाने जी फिक्ह नेली, ती रत्नागिरीच्या बंदरातही उतरली आणि मलायी किनाऱ्यावरही. हनफी वाचकांनी एक ध्यानात ठेवावे: शाफई मसलकात समुद्रातले जवळपास सगळे हलाल मानले जाते. त्यामुळे हलाल हॉटेलातही खेकडा आणि माकुल मिळतात. मागवताना विचारून घ्यावे.

थायलंडमध्ये हलालचे प्रमाणपत्र केंद्रीय इस्लामी समिती देते. चौकटीत अरबी अक्षरांत ‘हलाल’ लिहिलेली खूण पाकिटांवर आणि हॉटेलांच्या दारावर दिसते. बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात हलाल पदार्थांची तपासणी करणारे विज्ञान केंद्रही आहे. खाण्यात खाओ मोक काय मागवावे; ती कोंबडीची बिर्याणीच, हळदीने पिवळी झालेली. खाओ याम म्हणजे भात, कच्च्या भाज्या, खोबरे आणि माशाचा आंबवलेला रस यांचा मिलाफ. हात याईची तळलेली कोंबडी देशभर नावाजलेली, तिच्यावर तळलेला कांदा भुरभुरतात. मताबा हा भरलेला पराठा, अरबी ‘मुतब्बक’चाच भाऊ. आणि उंचावरून ओतून फेसाळलेला चहा.

पावसाची गंमत अशी की आपला पावसाळा संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिथले मुसळधार महिने. नोव्हेंबरात हात याईला पूर येतात. फेब्रुवारी ते एप्रिल कोरडे. हात याईला उतरलात तर शहराबाहेरची मध्यवर्ती मशीद पाहावी. लांबलचक पाण्याच्या हौदापुढे ती उभी आहे आणि लोक तिला थायलंडचा ताजमहाल म्हणतात.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. टेकडीवर मुलांचे फोटो काढून झाले की फोन खिशात ठेवा आणि त्यांना उत्तरेकडे तोंड करून उभे करा. पलीकडचा डोंगर दाखवा. तिथे एक सुलतान होता, त्याचे शहर पाडले गेले, त्याची नातवंडे-पणतवंडे पाडणाऱ्यांच्याच दरबारात मोठी झाली आणि त्याच्या गावात आजही अजान होते, एवढे चार वाक्यांत सांगा. मग त्यांना विचारा: यात जिंकले कोण? घाईने उत्तर देऊ नका. मुलांना विचार करू द्या.